मोसंबी की सीताफळ? आधी विहीर मोजा

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. आम्ही अंबड तालुक्यातले. सव्वाचार एकर रान आहे, निम्मं मुरमाड, निम्मं मध्यम. वीस फूट व्यासाची विहीर आहे, पण फेब्रुवारी लागला की मोटर दहा मिनिटांत उघडी पडते. मालक संभाजीनगरला कंपनीत कामाला, रान मी आणि सासरे बघतो. कापूस-तुरीत हाती काही राहत नाही म्हणून दोन एकरांत मोसंबी लावावी असं मनात आहे. सासरे नको म्हणतात. दुष्काळात, २०१३ साली, त्यांनी आमची मोसंबीची बाग स्वतःच्या हातानं तोडली होती. तालुक्याच्या गावी एक जण भेटला. म्हणाला, सगळ्यात जास्त अनुदानाच्या योजनेत बसवून देतो, मंजूर रकमेचे दहा टक्के द्या आणि रोपं माझ्याकडूनच घ्या. सात-बारा सासरे आणि चुलत सासऱ्यांच्या नावानं सामाईक आहे. कोणत्या योजनेत जास्त पैसे मिळतात? आणि अर्ज माझ्या नावानं होईल का?
– एक वाचक भगिनी

ताई,

तुम्ही विचारलंत जास्त पैसे कोणत्या योजनेत मिळतात. त्याचं उत्तर देतोच, पण पत्रातल्या दोन गोष्टींनी मला आधी थांबवलं. एक, फेब्रुवारीत उघडी पडणारी मोटर. दुसरी, तुमचे सासरे.

मी कृषी खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच तुमच्याच भागात. २०१२-१३ चा उन्हाळा मी जालना जिल्ह्यात पाहिला आहे. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडांच्या आळ्यात पाणी ओतलं. अंगावरचं सोनं मोडून टँकर आणले. मे महिन्यात टँकरही मिळेनासा झाला तेव्हा बारा-पंधरा वर्षांची, ऐन भरातली झाडं उभ्या जागी वाळली आणि शेतकऱ्यांनीच ती सरपणाला तोडली. बागेवर कुऱ्हाड चालवलेला माणूस पुन्हा झाड लावायला घाबरतो, त्याला हट्ट म्हणू नका. तुमच्या विहिरीबद्दल या घरात सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच आहे.

आता हिशोब मांडू. मोसंबीचं झाड सहा बाय सहा मीटरवर लावलं तर एकरी साधारण १११ झाडं बसतात, दोन एकरांत २२२. पूर्ण वाढलेल्या मोसंबीला मे महिन्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. शंभरच धरा. दोन एकरांना रोजचे बावीस हजार लिटर झाले. पाच हजारांचा टँकर धरला तर रोज साडेचार टँकर.

तुम्ही म्हणाल, लहान रोपाला एवढं कुठं लागतं? बरोबर आहे. पहिली तीन वर्षं मोसंबीही थोडक्यात भागवते, आणि इथंच माणूस फसतो. फळबाग लागवडीच्या योजना तीन वर्षं पैसे देतात. ती तीन वर्षं झाड लहान असतं, पाणी पुरतं, फोटो चांगले येतात, हप्ते मिळतात. सहाव्या-सातव्या वर्षी झाड भरात येतं, तहान वाढते, आणि तेव्हा कुठलीही लागवड योजना तुमच्या मागं उभी नसते. म्हणून जास्त पैसे कुठं हा तुमचा प्रश्न मी दुसरा ठेवतो. तुमच्या विहिरीवर वीस वर्षं कोणतं झाड उभं राहील, हा पहिला.

तुमच्या मुरमाड रानासाठी माझं मत सीताफळाचं आहे.

सीताफळ हे माळरानाचं झाड. पाऊसकाळ संपला की ते हळूहळू पानं टाकतं आणि कडक उन्हाळ्यात जवळजवळ झोपून राहतं. ज्या महिन्यांत तुमच्या विहिरीला पाणी नसतं, त्या महिन्यांत त्यालाही फारसं नको असतं. जूनचा पाऊस झाला की बहार धरतो आणि सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत फळ येतं. जनावरं आणि शेळ्या त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत, त्यामुळं काटेरी तारेच्या कुंपणाचा खर्च पहिल्या दिवशी मानगुटीवर बसत नाही. शेजारचा बीड जिल्हा तर सीताफळासाठीच ओळखला जातो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथली धारूर-६ ही जात आपल्याच मातीतून निवडलेली. एकदा सासऱ्यांना घेऊन तिथं जाऊन या. दिवस मोडेल, पण झाडं डोळ्यांनी बघितलेली बरी.

पाण्याचा हिशोब आता सीताफळाचा करू. पाच बाय पाच मीटरवर हेक्टरी ४०० कलमं, म्हणजे दोन एकरांत ३२०. पहिल्या उन्हाळ्यात एका कलमाला आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर दिलं, बुडाशी पाचट किंवा तुरीच्या भुसाचं आच्छादन टाकलं, तर कलम तगतं. आठवड्याला ६,४०० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सतरा आठवडे, म्हणजे सगळ्या उन्हाळ्याला एक लाख नऊ हजार लिटरच्या आसपास. विहिरीनं अगदीच दगा दिला तरी बावीस टँकरांत उन्हाळा निघतो. मोसंबीच्या भरात आलेल्या दोन एकरांना तेवढं पाणी पाच दिवस पुरलं असतं.

सीताफळाची खोड पण सांगतो, नाहीतर मी एकच बाजू मांडल्यासारखं होईल. फळ नाजूक असतं. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या खाचा रुंदावल्या, आणि तोडलं की तीन-चार दिवसांत मऊ पडतं, मग व्यापारी म्हणेल तो भाव. पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड फळाच्या खाचांत बसते आणि माल काळा पडतो. मोसंबी झाडावर आठ दिवस थांबते, सीताफळ थांबत नाही. ज्या घरात तोडणीच्या दिवसांत माणसं नाहीत, त्यांनी ते लावू नये. तुमच्याकडं तुम्ही आहात, सासरे आहेत, आणि गल्लीत बचत गट असेलच. त्यावर पुढं बोलतो.

आता योजना.

आपल्या राज्यात रोजगार हमी ही १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीनं त्या कामांवर खडी फोडली असेल. त्याच रोजगार हमीला १९९० साली फळबाग जोडली गेली. लोकांनी स्वतःच्याच रानात खड्डे खणायचे आणि त्याची मजुरी सरकारनं द्यायची. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या हातात लाल रंगाच्या खुणा केलेली एक मीटरची काठी असायची. खड्डा तिन्ही बाजूंनी मोजायचा आणि वहीत लिहायचं. कोकणातला आंबा-काजू, सोलापूरकडचं डाळिंब, आपल्याकडची बोरं-सीताफळं, या राज्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधाआड फळझाड पोचवलं ते त्या कार्यक्रमानं. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

तुमच्या घरासाठी हीच वाट पहिली. रोजगार हमीतून फळबाग लागवड दोन हेक्टरपर्यंत मिळते आणि ती अल्पभूधारकांसाठी आहे. सव्वाचार एकर म्हणजे एक हेक्टर सत्तर आर, तुम्ही बसता. त्यासाठी घरचं जॉबकार्ड, म्हणजे रोजगार हमीतलं कुटुंबाचं नोंदणी कार्ड, लागतं. नसेल तर ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाकडं अर्ज करा आणि त्यात तुमचं स्वतःचं नाव घालून घ्या. खड्डे, लागवड, आळी, पाणी घालणं या कामांची मजुरी ज्याचं नाव हजेरीपटावर त्याच्या बँक खात्यात जाते. रानात राबता तुम्ही, मग ते पैसे तुमच्या खात्यात यायला हवेत. कलमं-खतांचा पैसा वेगळा मिळतो. गावाच्या कामांच्या आराखड्यात तुमचं नाव असावं लागतं, म्हणून ग्रामसभेला जा आणि नाव वाचून दाखवायला सांगा.

ज्यांना रोजगार हमीतून लाभ घेता येत नाही त्यांच्यासाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. घराचं जॉबकार्ड होत नाही किंवा जमीन जास्त आहे असे शेतकरी तिथं जातात. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतो. कोकण सोडून बाकी राज्यात वीस गुंठ्यांपासून सहा हेक्टरपर्यंत लागवड करता येते. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं.

दोन्हींकडं एक अट सारखी आहे, आणि एजंट ती कधीच सांगत नाही. पुढचे हप्ते जिवंत झाडांवर मिळतात. रोजगार हमीत कोरडवाहू फळझाडं ७५ टक्के जगलेली हवीत, बागायतीला ९० टक्के. फुंडकर योजनेत पहिल्या वर्षी ८० आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के. कमी पडली तर नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, स्वखर्चानं भरायच्या. तुमच्या ३२० कलमांतली किमान २४० जगली तर रोजगार हमीचा पुढचा पैसा हलतो. म्हणून हेक्टरी दर कुठं चार पैसे जास्त आहे यापेक्षा तुमची किती झाडं दुसरा उन्हाळा बघतील, यावर तुमच्या हातात येणारी रक्कम ठरते.

दहा टक्के मागणाऱ्या माणसाबद्दल. एक रुपयाही देऊ नका. अर्जाला कमिशन लागत नाही. गावाचे कृषी सहायक, ज्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडं थेट जा आणि चालू वर्षाच्या शासन निर्णयाची प्रत मागा. सीताफळाचा हेक्टरी मापदंड त्यात छापलेला असतो, तो स्वतः वाचा. त्या माणसाकडून रोपं तर मुळीच घेऊ नका. त्याच्या रोपाला आई कोणती हे तुम्हाला चौथ्या वर्षी कळेल, आणि तोवर तो दुसऱ्या गावात गेलेला असेल. कृषी विद्यापीठाची, शासनाची किंवा मानांकित रोपवाटिका बघा, कलमच घ्या, बियांचं रोप नको, आणि पक्कं बिल जपून ठेवा. बिलाशिवाय अनुदान नाही. जात बालानगर घ्या किंवा धारूर-६, पण शेजाऱ्यानं मोबाईलवर दाखवलेल्या फोटोवरून ठरवू नका.

यापुढचं मी स्वतःच्या घरातून शिकलो आहे, म्हणून जरा कळकळीनं लिहितो. माझ्या चुलत भावानं अर्ज केला आणि मंजुरी येईलच म्हणून एप्रिलमध्ये यंत्रानं खड्डे पाडून घेतले. जूनमध्ये कलमंही लावून टाकली. पूर्वसंमतीचा कागद आला जुलैत. तपासणीला आलेल्या माणसानं लागवडीआधीच्या मोकळ्या रानाचा अक्षांश-रेखांशासकटचा फोटो मागितला. तो कुठून आणणार? सगळं प्रकरण तिथंच बसलं. घरात मी खात्यातला माणूस असून हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय फावडं लावायचं नाही. यंदा जूनपर्यंत मंजुरी आली नाही तर त्या रानात तूर पेरा आणि बाग पुढच्या वर्षी लावा. एक वर्ष गेलं तर चालेल.

मंजुरी वेळेत आली तर मे महिन्यात साठ सेंटीमीटर लांब-रुंद-खोल खड्डे घ्या आणि पंधरा दिवस उन्हात तापू द्या. मुरूम लागला तर सासरे म्हणतील तिथं खड्डा अजून मोठा करा आणि पोयट्याची माती, वीस-पंचवीस किलो कुजलेलं शेणखत, किलोभर सुपर फॉस्फेट आणि निंबोळी पेंड यांनी भरा. लागवड दोन चांगले पाऊस झाल्यावर. पहिली तीन वर्षं ओळींमध्ये मूग, उडीद, सोयाबीन घ्या. कापूस नको, तो उंच वाढून कलमाला झाकतो आणि पिठ्या ढेकूणही पोसतो.

कागदांचं. अर्ज तुमच्या नावानं यंदा होणार नाही, कारण सात-बारावर तुमचं नाव नाही. सासऱ्यांच्या नावानं करा आणि चुलत सासऱ्यांचं संमतीपत्र जोडा. त्यांच्याकडं जाताना सासऱ्यांसोबत तुम्हीही जा, आणि दोन एकर नेमके कोणत्या बाजूचे ते जागेवर दाखवून ठरवा. फळझाड वीस वर्षं जागा धरतं. उद्या वाटणी झाली आणि बाग दुसऱ्याच्या हिश्श्यात गेली तर भावाभावांत कोर्ट उभं राहतं, अशी घरं मी पाहिली आहेत. जमलं तर सगळ्यांच्या संमतीनं महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटप करून घ्या. पुढं मालकांच्या नावावर जमीन आली की त्यांनी अर्ज देऊन तुमचं नाव सहधारक म्हणून लावायचं. लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक १९९२ पासून त्यासाठीच आहे. हे मी आग्रहानं सांगतो. बाईच्या नावावर गुंठाभर नसताना बाईनं एकरभर सांभाळायचं, हे मला तीस वर्षांत कधी पटलं नाही. शेतकरी ओळख क्रमांकही सासऱ्यांचा काढून घ्या, त्याशिवाय आता योजनांचा अर्ज पुढं जात नाही.

ठिबक घ्याच. अल्पभूधारकाला केंद्राचं ५५ टक्के आणि राज्याचं पूरक २५ टक्के मिळून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. मात्र ते खर्चाच्या शासकीय मापदंडावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही, म्हणून तुमच्या खिशातून वीस टक्क्यांहून थोडं जास्त जाईल हे धरून चला.

शेततळ्याचं मी लगेच सुचवत नाही. वैयक्तिक शेततळ्याला मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून ७५ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पण मुरमाड रानात प्लास्टिकच्या अस्तराशिवाय तळं पाणी धरत नाही. अस्तर म्हणजे वेगळा पैसा, आणि तळ्याखाली गेलेली जमीन ती वेगळी. सीताफळाची तहान बघता तुमचं कदाचित विहिरीवरच भागेल.

विमा फळधारणेच्या वयाच्या बागेलाच मिळतो, त्यामुळं पहिली तीन वर्षं तो विषय सोडा. पुढं मृग बहारातल्या हवामान आधारित फळपीक विम्यात सीताफळाची मुदत साधारण ३१ जुलै असते आणि शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या पाच टक्के. बचत गटाचं म्हणालो होतो, तेही चौथ्या वर्षाचं काम. मऊ पडलेल्या फळाचा गर काढून गोठवला तर तोच माल आईस्क्रीमवाले आणि रबडीवाले घेतात. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत यंत्रांना ३५ टक्के अनुदान आहे, गटालाही मिळतं. फळ हातात आलं की मला पुन्हा लिहा, तेव्हा त्यावर सविस्तर बोलू.

मोसंबी मनातून अगदी जात नसेल तर घराजवळच्या मध्यम जमिनीत दहा झाडं लावा. घरच्या सांडपाण्यावर आणि तुमच्या लक्षावर ती जगतील. सासऱ्यांनाही ती बघायला आवडतील असं मला वाटतं. ती जागा मात्र त्यांनाच निवडू द्या.

अर्ज करण्याआधी एक काम. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी विहीर उपसून घ्या, दोरीला दगड बांधून तळाचं पाणी मोजा, आणि सकाळी मोटर लावण्याआधी पुन्हा मोजा. वीस फुटी विहिरीत एक फूट पाणी म्हणजे नऊ हजार लिटरच्या जवळपास. सीताफळाच्या पहिल्या उन्हाळ्याचा आठवडा ६,४०० लिटरचा आहे. रात्रीतून किती चढलं ते सासऱ्यांसमोर वहीत लिहा, असं चार रात्री करा, आणि ते आकडे मला पाठवा.